न विकायच्या जनावराचे दात

केजच्या बैलबाजारात धुळाजीला विचारल्याशिवाय शहाणा शेतकरी सौदा करत नाही. सत्तरी ओलांडलेला हा गडी बैलाचा जबडा धरतो, अंगठ्याने ओठ वर सारतो आणि दातांवरून वय सांगून मोकळा होतो. तेही विकणाऱ्याच्या तोंडावर. "चारदाती म्हनतोस व्हय बे? कवाच जुळलाय ह्यो, आठी दात पुरे झालेत!" निम्मे व्यापारी त्याच्यावर डूख धरून असतात, पण त्याचं बोलणं खोटं ठरल्याचं कुणाला आठवत नाही.

अशा माणसाचा लाडका कुत्रा भुऱ्या गेल्या साली मरता मरता वाचला, आणि तोही दातापायी.

नऊ वर्षांचा भुऱ्या महिनाभर भाकरी हुंगायचा नि सोडून द्यायचा. तोंडातून लाळ गळायची. एके सकाळी धुळाजीच्या बायकोने, भामाबाईने, गालावरून हात फिरवला तर तो गुरकावून अंगावर आला. शेजारचे सुंदरराव काठी घेऊनच आले. "पिसाळलंय. पोराबाळांची वस्ती हाय, आत्ताच संपवा."

धुळाजीने भुऱ्याला साखळीने लिंबाला बांधलं आणि स्वतः आडवा उभा राहिला. "डागदरीनबाई बगंल. ती म्हनली तर मीच काठी धरीन," तो म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टर यशोधराताई तासाभरात आल्या. लांबूनच त्यांनी भुऱ्याला न्याहाळलं, पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. तो पाणी प्यायला, एका बाजूने, मान वाकडी करून.

"कधीपासून असं?"

"महिना झाला."

"पिसाळलेलं कुत्रं इतके दिवस जगत नसतं, काका."

तरीही हातमोजे घालून, कुत्र्याचं तोंड पट्टीने बांधून त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग जबडा उघडला. दातांवर पिवळा, दगडासारखा थर चढला होता. मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता, आणि वास असा की सुंदरराव चार पावलं मागे सरले.

"बाजारभर जनावरांचे दात बघता म्हणे तुम्ही. ह्याचे कधी बघितले?"

धुळाजीने मान खाली घातली. हजारो जबडे उघडले होते त्याने, पण सगळे सौद्याचे. घरचं कुत्रं काही विकायचं नव्हतं. मग त्याचं तोंड उघडायचं कावून? हे मुकं जनावर महिनाभर ठणका सोसत होतं आणि आपण त्याला भाकरीवरून रागे भरत होतो, हे आठवून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाढ निघाली. आठवड्यात भुऱ्या भाकरीवर तुटून पडला. तेव्हापासून धुळाजी रोज सकाळी बोटाला फडकं गुंडाळून, डॉक्टरीणबाईंनी दिलेली कुत्र्यांची पेस्ट लावून त्याचे दात घासतो. माणसांची पेस्ट चालत नाही, हेही तो आता दहा जणांना ऐकवतो. गाव हसतं. या वयात, चारचौघांत आपलं चुकलं म्हणून असं रोज वागून दाखवायला छाती लागते, आणि ती हसणाऱ्यांत मला तरी दिसत नाही.

परवा बाजारात भुऱ्या बरोबर होता. पिंपळाखाली धुळाजीने त्याचा ओठ वर करून दाढा तपासल्या. बाहेरगावचा एक व्यापारी थांबला.

"काय बाबा, कुत्रं विकायला काढलंय काय?"

"न्हाई," धुळाजी मान वर न करता म्हणाला, "विकायचं न्हाई, म्हनून तर बगतोय."