आठवा नमस्कार

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत मला फ्लू झाला नाही. आरामखुर्ची झाली!

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत घरटी एक तापकरी. माझं ऑफिस बंद. पंधरा दिवस खुर्चीत पडून मी कोण गेलं, कोण वाचलं एवढंच ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मनातून पार खचलो होतो. भूक नाही, झोप नाही, बोलावंसं वाटत नाही.

"अहो, उठा आता," बायको म्हणाली. "अंग हललं की मन हलेल. लग्न ठरताना सांगितलं होतंत ना, रोज बारा सूर्यनमस्कार घालतो म्हणून?"

"घालतोच!" (घालत होतो. मुंजीनंतर आठवडाभर.)

"मग घाला बारा. मी विहिरीवर जाऊन येते."

आता प्रश्न इभ्रतीचा होता! दार लोटून घेतलं, धोतराचा काचा मारला आणि प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एकेक नाव घेत सुटलो. "ॐ मित्राय नमः!" चौथ्याला आवाज बसला, सहाव्याला घरघर लागली. पण सातवा पुरा झाला आणि मला चक्क हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा! आठवं नाव 'मरीचये'. त्यासाठी जमिनीला कपाळ टेकलं मात्र, कमरेत उसण भरली.

"ॐ मरी... मरी... मरी..."

फळीच्या भिंतीपलीकडून शेजारच्या नानांनी ते ऐकलं. "अरे धावा! हा फ्लू नव्हे, मरी आहे, मरी!" ओरडत नाना आत शिरले. मी पालथा, घामानं निथळत, कण्हतोय. नानांनी माझी मान वळवून तोंडात आमच्याच देव्हाऱ्यातलं गंगाजल ओतलं, वर तुळशीचं पान ठेवलं. घशाला इतकी कोरड पडली होती की मी म्हणालो, "आणखी!"

"वासना राहिली हो बिचाऱ्याची!" नाना हुंदके देऊ लागले.

तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या हातून कळशीच निसटली. "अहो, काय झालं?"

पालथ्या माणसाला जेवढी फुगवता येते तेवढी छाती फुगवून मी म्हणालो, "सात झाले!"

"सात गेले?" नाना किंचाळले.

बायकोला सगळं उमगलं. ती खाली बसून रडता रडता हसत सुटली. "अहो, बारा ठरले होते!"

असेनात का सात! त्या साथीत आमची सगळी चाळ आडवी झाली होती. पण अंगात ताप नसताना, निव्वळ स्वकष्टानं आडवा झालेला मी एकटाच!