राज्य विरेपर्यंत

बल्लारपूरला आमच्या ओसरीवर दर रविवारी आम्ही चार-पाच जण वाद घालायला जमतो. वादाचा निकाल कधी लागत नाही, किस्से मात्र साचत जातात. बहुतेक दोघांचेच.

दादारावभाऊ पेपर मिलमधून रिटायर झालेले, पक्के कम्युनिस्ट. कामगारांनी आधी राज्यसत्ता ताब्यात घ्यायची, मग ती हळूहळू आपोआप विरून जाईल, हे त्यांचं म्हणणं. विलास कॉलेजात कंत्राटावर शिकवतो. तो अराज्यवादी. सत्ता कोणाच्याही हाताला लागली की चिकटते, म्हणून ती आधीच मोडायची, हे त्याचं.

*

तेलंगणाच्या सीमेकडे, राजुऱ्याजवळ पोलिसांनी विलासला हेल्मेटसाठी अडवलं. हा म्हणाला, "मी राज्यच मानत नाई."

हवालदारानं शांतपणे विचारलं, "मंग तुमी तेलंगणाचे काय?"

गाडी ठाण्यात गेली. विलासनं भाऊंना फोन केला. ते आले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"साहेबाशी बोला ना, भाऊ."

"घाई काऊन करतो? बसू इथीच. विरून जाईल."

*

धानोऱ्याकडच्या एका गावात सगळे निर्णय एकमतानं होतात, असं कळलं. दोघं मलाही घेऊन गेले. वाटेत विलास म्हणे हा अराज्यवाद, भाऊ म्हणे हा मूळचा साम्यवाद.

पाहुण्यांना बोलू द्यायचं का, असा ग्रामसभेत विषय निघाला. सगळे हो म्हणाले. मागून एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली. शेजाऱ्यानं सांगितलं, "नको म्हणते. धानाचं रोवणं हाय."

एकमत नाही, म्हणून भाषण नाही.

परतताना विलास धुसफुसत होता, "एका बाईपायी साऱ्या गावाचं अडते का?"

"म्हणजे बहुमत पायजे तुले?" भाऊ म्हणाले. "ये मंग पार्टीत."

*

यंदा विलास मुलांसोबत फीवाढीच्या मोर्चात चालला आणि कॉलेजनं त्याचं कंत्राट थांबवलं. घरी दोन लेकरं. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी एकटाच जाऊन बसला. दुपारी भाऊ लाल झेंडा आणि मिलमधले जुने सोबती घेऊन आले.

"झेंडा नको, भाऊ," विलास म्हणाला.

भाऊंचा चेहरा उतरला. पण त्यांनी झेंडा गुंडाळला, बुडाखाली घेतला आणि बसले.

संध्याकाळी प्राचार्य बाहेर आले. "तुमचा नेता कोण? मी एकाशीच बोलेन."

"आमच्यात नेता नसते," दादारावभाऊ म्हणाले.

त्याच वेळी विलासनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. "हे."

प्राचार्यांनी शेवटी दोघांनाही आत नेलं. विलासला त्याचे वर्ग परत मिळाले.

बाहेर येताच भाऊ तडकले, "मले नेता कोणी निवडलं बे?"

"कोणीच नाई," विलास म्हणाला. "म्हणून तं तुमी मले चालले."