शोभावहिनीचा डावा हात

दादाचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, सातवीच्या वर्गाला शिकवत फळ्याकडे तोंड करून उभा होतो. "शोभा गेली रे..." एवढंच तो म्हणाला, मग मागून बायांच्या रडण्याचा आवाज. सकाळी पाणी सोडायला म्हणून वहिनी पन्हेरीत, आमच्या रोपवाटिकेत, गेली आणि रोपांच्या वाफ्यातच कोसळली. दुसरा झटका. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या झटक्यातून ती उठली होती, पण उजवा हात कायमचा लुळा झाला होता. आता महिना उलटून गेला. भेटायला येणारा जो तो 'सुटली बिचारी' म्हणतो, आणि मला त्या शब्दाची चीड येते. सुटायला ती बसलीच नव्हती.

आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलमं करणारी घरं पुष्कळ, पण वहिनीच्या कलमाचा तोरा वेगळा होता. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चाकूनं चिरायची, आत संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर जगला, काळा पडला तर मेला. "माह्या हातचा डोळा मरत नाई," असं ती खुशाल चारचौघांत सांगायची. जीभही तिखट. दुसऱ्याचं कलम पाहून "हे काय जखमेले फडकं बांधलं काय?" म्हणायची. त्यामुळे हात गेल्यावर समाचाराला आलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांत मी सरळसरळ समाधान पाहिलं. एक जण तर तिच्या लुळ्या हाताकडे बघत म्हणाला, "आता आराम करा, बाई. लय केलं."

आराम केला असता तर तिचं नाव शोभा नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात ती वाफ्याच्या कडेला पोतं अंथरून कुशीवर पडायची, पट्टीचं एक टोक दातांत धरायची आणि डाव्या हातानं गुंडाळायची. चाकू घसरून मांडी कापली, लुळ्या हाताची बोटं कापली; त्यांना तर कापलेलंही कळायचं नाही. त्या वर्षी एकही डोळा जगला नाही. सगळा उन्हाळा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिवाळीनंतर पुन्हा वाफ्यात बसली ती एवढं बोलून, "या खेपेले मेले त चाकू इहिरीत टाकीन. मंग मले कोनी बोलू नका."

आम्ही घाबरलो. चाकू गेला की ही बाई जाईल, असं दादाला वाटलं, मलाही वाटलं. तिनं शेवटचं रोप बांधलं त्याच आठवड्यात मी तिला व्यायामासाठी अकोल्याला आणलं, आणि दादानं गावातल्या एका कारागिराकडून तिचे सगळे डोळे काढून नवे बांधून घेतले. बेत दोघांचा. मी तिला आज-उद्या करत दोन आठवडे थांबवून ठेवलं. ती रबरी चेंडू दाबायची, माझ्या बायकोशी हसायची, "भाऊजी, डोळे डोलून राहिले असतीन आता," म्हणायची... आणि मी मान हलवायचो. इतका सहज खोटा वागलो मी की आजही स्वतःचंच आश्चर्य वाटतं.

पट्ट्या सोडायच्या दिवशी आम्ही सगळे वाफ्याशी उभे होतो. दादानं पेढे आणून ठेवले होते, मूर्खासारखे. वहिनीनं पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि तिथंच थांबली. उजव्या हाताच्या माणसाची पट्टी एका अंगानं वर चढते, डाव्या हाताच्याची उलट अंगानं; ही उजव्या हाताची होती. जन्मभर कलमांच्या गावात राहून हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिनं दुसरं रोप पाहिलं, तिसरं पाहिलं.

"हे बांधलं कोनं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमाले मालूम होतं?"

"वहिनी, तुले बरं वाटावं म्हनून..."

"म्हंजे माहा हा हात बी मेला, असं समजून घेतलं तुमी."

ती रडली नाही. पोतं अंथरलं, आडवी झाली आणि एकेक पट्टी सोडून चाकूनं डोळे खरवडून काढू लागली. सगळे हिरवेगार, जिवंत. आम्हाला तिथून हलू दिलं नाही. "पाहा," म्हणायची, "चांगलं पाहा." दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाफ्यात नुसती जंभेरी उरली होती. चाकू मात्र विहिरीत गेला नाही. त्या दिवसानंतर सोडून देण्याची भाषा तिच्या तोंडून निघाली नाही, पण ती जिद्द आम्ही दिली असं म्हणायची सोय नाही. आम्ही अपमान दिला. माझ्याशी ती वर्षभर कामापुरतं बोलली.

यंदा हिवाळ्यात तिनं पुन्हा वाफा बांधला, आणि अठराव्या दिवशी गेली. तेरवी झाल्यावर दादा आणि मी पट्ट्या सोडायला बसलो. पहिला काळा. दुसरा काळा. तिसराही. मग एक हिरवा निघाला... त्याच्या पुढचा हिरवा, त्याच्याही पुढचा. माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, खरं सांग. हे तिचेच हायेत ना?"

दादा चिडला नाही. "तूच पाहून घे," म्हणाला. "माह्यावर आता कोन भरोसा करन?"

मी वाकून उरलेली प्रत्येक पट्टी सोडायच्या आधी पाहिली. सगळ्या उलट अंगानं चढलेल्या, आणि टोकाला दातांचे वण. ती असती तर तिनंही तेच केलं असतं. आधी डोळा नाही, पट्टी पाहिली असती. आपल्या माणसांनी तिला एवढं शिकवून ठेवलं होतं.