मोरेसाहेबांना विचारलंय

वाघमारे भाऊसाहेब कुठलीही गोष्ट एकट्यानं खरी मानत नसत. लातूर जिल्हा नवा झाला, जुन्या जिल्ह्याच्या फायली पोत्यांत भरून आमच्या कचेरीत आल्या, आणि त्या लावायला हे आले. पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "मोरेसाहेब, त्या लिंबावर बगळा हाय. तुमालाबी दिसतोय का?"

मी म्हणालो, "हो, दिसतोय."

"मग हाय," म्हणून ते कामाला लागले.

मला वाटलं, माणूस चक्रम आहे. पुढं त्यांनीच सांगितलं. तरुणपणी त्यांना स्किझोफ्रेनिया झाला होता. भिंतीतून माणसं बोलायची. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती गप्प झाली. तरी भाऊसाहेब म्हणत, "कान-डोळं एकदा फितूर झालेत, साहेब. आता साक्षीदार पायजे."

दुष्काळात कचेरीसमोर टँकर यायचा. एका कारकुनानं थट्टेनं सांगितलं, "टँकर? कुठं हाय? मला तर दिसत न्हाई." समोर सगळे पाणी भरत होते, आणि भाऊसाहेब रिकामी कळशी मांडीवर घेऊन बसून राहिले. मी त्या कारकुनाला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून ते फक्त मलाच विचारू लागले. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या उन्हाळ्यात भिंतीतले आवाज परतले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यातच गढूळ पाण्यानं घरोघर जुलाब लागले. भाऊसाहेबही तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी टंचाईचा अहवाल लिहीत होतो, वरून घाई होती.

"साहेब, छातीतला एक ठोका मधीच गळतोय. मग दोन-तीन एकदम घाईनं येतेत. हे खरं हाय का?"

त्यांनी मनगट पुढं केलं होतं. मी ते धरलं नाही.

"मनाचे खेळ आहेत, भाऊसाहेब. बसा."

"बरं झालं इचारलं," ते म्हणाले. "उगीच भ्यालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी कोसळले आणि गेले.

मी नांदेडला जाऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "गोळी वैरी नव्हती. तिनंच त्यांना इतकी वर्षं माणसांत ठेवलं. पण या गोळ्यांनी एखाद्याच्या हृदयाची लय बिघडते, आणि जुलाबानं अंगातले क्षार गेले की धोका वाढतो. कुणी वेळेवर आणलं असतं तर कार्डिओग्राम काढला असता, गोळी बदलली असती." मी मान हलवली. त्या मनगटाबद्दल मात्र बोललो नाही.

आज मी निवृत्त आहे. कुणी नुसतं छातीत कसंतरी होतंय म्हटलं, तरी आधी त्याची नाडी धरतो. घरचे हसतात.

भाऊसाहेब गेल्यावर, कचेरीतल्या टेबलाच्या खणात राहिलेला त्यांचा चष्मा द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी तो पदरानं पुसला.

"त्या दिशी सकाळी छाती धरून बसलते, भाऊ. मी म्हनलं, चला, दवाखान्यात जाऊ. तर हासले. म्हनले, येडी हायस का? हे खरं न्हाई. मोरेसाहेबांना इचारलंय मी."