रिकाम्या पोत्याचं वजन

दमयंती खिस्तीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, हे बेलापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुधात बोट बुडवून बघायची. कंडक्टरने दिलेलं तिकीट उलटसुलट वाचायची. वडील शाळामास्तर. ते म्हणत, "आमची दमू आरतीतलीसुद्धा कडवी मोजते. न जाणो, भटजी एखादं गाळायचे."

असा स्वभाव लग्नाच्या बाजारात खपला नाही, पण नोकरीत खपला. देवळाली प्रवऱ्याजवळ ज्वारीच्या नव्या वाणांची चाचणी घेणारं एक सरकारी शेत होतं. तिथे ती आकडेमोडीला लागली. मग पुण्याला जाऊन संगणकाची भाषा शिकून आली, आणि तिने स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांच्या रूपाने राहायचा. कार्डांचं खोकं मांडीवर घेऊन ती एस.टी.ने पुण्याला जायची आणि येताना घड्यांचा रुंद कागद घेऊन यायची. कागदावर अख्खं शेत उमटलेलं असायचं. जिथे पीक भरघोस तिथे चांदणी, मध्यम तिथे अधिकचं चिन्ह, थोडं तिथे टिंब. आणि जिथे काहीच पिकलं नाही तिथे कोरी जागा. आकड्यांच्या रांगा वाचून डोळे शिणायचे. हा कागद मात्र भिंतीला लावला की शेत आपणच बोलायचं.

बाहत्तरच्या शिमग्यात हा नकाशा बोलला ते खोटं होतं.

पाऊस आदल्या सालापासूनच रुसला होता. दमयंतीने शेतातले चाचणीचे तुकडे स्वतः पाहिले होते. कितीतरी तुकड्यांत कणसाच्या जागी नुसती वाळकी शेपटी होती. पण नकाशावर कोरी जागा एकही नव्हती. त्या सगळ्या जागी टिंबं, आणि त्या प्रत्येक टिंबामागे तोच आकडा, पाव किलो.

शेताचे प्रमुख राजहंस साहेब नकाशापुढे उभे राहून हात चोळत होते. वाण त्यांनीच काढलेला होता.

"बघा दमयंतीबाई! एवढ्या दुष्काळात एक तुकडा रिकामा नाही. सरळ शिफारस करू शेतकऱ्यांना."

"साहेब, हे मला खरं वाटत नाही."

"तुम्हाला सूर्य तरी खरा वाटतो का?"

तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. कार्डं तपासली, काही तुकडे हाताने मांडून पाहिले. प्रोग्रॅम निर्दोष होता. मग उरला माणूस. वजनाच्या काट्यावर सहादेव नावाचा गडी असायचा. प्रत्येक तुकड्याची मळणी वेगळी व्हायची, पोतं वेगळं, पोत्याच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. पोत्याचं वजन वजा होईल असा काटा आधीच लावलेला असे. सहादेव पोतं काट्याला अडकवायचा, वजन ओरडून सांगायचा, मदतनीस लिहून घ्यायचा.

"झाडाखाली बसून सांगितलेले आकडे आहेत हे," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे सहादेवने लबाडी केली? मग त्याला घरी बसवतो. सोमवारपासून दुसरा माणूस."

सहादेवची बायको लंकाबाई आधीच दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्याची हजेरी गेली तर तोही तिथेच जाणार, पन्नाशीच्या गुडघ्यांनी. दमयंतीला हे ठाऊक होतं. शब्द तोंडातून गेला होता आणि आता तो तिच्यापुढे उभा राहून तिच्याकडेच बघत होता. खरंच लबाडी असेल तर ती डोळ्यांनी बघायची, असं तिने ठरवलं.

उशिरा पेरलेल्या दुसऱ्या शेताची मळणी अजून चालू होती. दुसऱ्या दिवशी ती खळ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन थांबली. स्वतःचीच लाज वाटत होती, पण पाय हलेनात. सहादेव भरलेली पोती एकेक अडकवत होता. एकदाही त्याने काट्याकडे न बघता आकडा सांगितला नाही. मग काहीच न पिकलेल्या तुकड्याचं रिकामं पोतं आलं, गळ्यात नुसती चिठ्ठी. त्याने ते झटकलं, इकडेतिकडे पाहिलं, बाजूच्या राशीतून ओंजळभर दाणे घेऊन आत सोडले आणि अडकवलं.

"पाव किलोऽ!"

"सहादेव!" दमयंती पुढे आली. "हे काय केलंस?"

तो दचकला, पण घाबरला नाही. "बाई? कडब्यात काय करताय, इच्चूकाटा असतोय."

"पोतं रिकामं होतं."

"व्हय. मंग? रिकामं पोतं खळ्यावं काट्याला लावत न्हाईत. लक्ष्मी बघती. पुढल्या साली खळंच ऱ्हात न्हाई."

"आधीच्या शेतातही असंच केलंस?"

"समद्यांनाच एकेक वंजळ. आपल्याला काय हातचं लावायचं हाय का? रास सरकारचीच." आणि मग जरा रागाने, "तुमी बामनाच्या लेकी, तुमाला हे सांगाया पायजे व्हय?"

ते खरं होतं. तिची आई तांदळाचा डबा कधी खरवडत नसे. तळाशी मूठभर ठेवूनच नवे तांदूळ ओतायची. दमयंतीने जन्मभर सगळं तपासलं, त्या मुठीवर मात्र कधी संशय घेतला नव्हता.

तिने साहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"काल लबाड होता, आज भाविक झाला?"

"चूक माझी झाली. पण ते तुकडे रिकामेच होते, साहेब. शिफारस केलीत तर लोक हे बियाणं पेरतील आणि नुसता कडबा कापतील."

साहेबांनी नकाशा भिंतीवरून काढून त्याची घडी घातली. "ठीक आहे. राहिलेलं वजन माझ्यासमोर. रिकामी पोतीसुद्धा लावायची. तो लावील तर राहील, नाही तर जाईल. मला मापाला भाविक माणूस नको."

सोमवारी खळ्यावर सगळे जमले. भरलेली पोती झाली. मग सहादेवने रिकामं पोतं उचललं, काट्याखाली आणलं आणि तो तसाच थांबला. हात वर जाईना.

"लाव ना," साहेब म्हणाले.

"साहेब, खडी फोडीन. हे न्हाई व्हायचं."

दमयंती पुढे झाली. तिने पोतं त्याच्या हातून घेतलं. काट्याच्या हुकाजवळ पोचल्यावर तिचीही बोटं क्षणभर अडली, आणि त्या क्षणाचा तिला संताप आला. तिने पोतं अडकवलं. काटा शून्यावर येऊन थांबला.

"शून्य," ती म्हणाली. कुणीच ओरडून सांगितलं नाही. मदतनिसाने मान खाली घालून लिहिलं.

"साहेब, भरलेली पोती हा लावील. रिकामी मी लावीन. दर साली. याला ठेवा."

साहेबांनी खांदे उडवले. सहादेव राहिला. शिफारसही थांबली.

पुढे तिने प्रोग्रॅममध्ये एक पायरी घातली. आधीच्या शेतातला प्रत्येक पाव किलो कोरा छापायचा. नकाशा पुन्हा आला तेव्हा तो फाटक्या गोधडीसारखा होता. पण त्यात एखादा तुकडा खरोखरच पाव किलो पिकला असेल, तर तोही पुसला गेला होता. कोणता, हे आता सहादेवलाही सांगता आलं नसतं. ती त्या कोऱ्या जागांकडे बघत बसायची आणि आपल्याच कामावरचा तिचा विश्वास झिजत जायचा.

त्या सालचा पावसाळा आलाच नाही. देवळालीच्या स्टँडवर ताक विकणारी रंगुबाई शेजारणीला म्हणाली, आवाज मुळीच न उतरवता, "त्याच ह्या. रिकामं पोतं काट्याला चढीवनाऱ्या."

दमयंतीने ऐकलं. ताक घेतलं आणि सवयीने पेल्यात डोकावून पाहिलं.

"पानी न्हाई घातलं," रंगुबाई म्हणाली. "पानी हाय कुटं?"

पुढच्या शिमग्यात खळ्यावर भरलेली पोती हातावर मोजण्याएवढी होती. सहादेवने ती लावली. रिकाम्यांची चवड त्याने दमयंतीपुढे आणून ठेवली, चिठ्ठ्या नीट वर काढून.

"घ्या बाई. ही तुमची."

आणि बांधावर जाऊन, खळ्याकडे पाठ करून, तिचं संपेपर्यंत उभा राहिला.