आरशात न येणारी आत्या

माझी आत्या दुसऱ्यांची घरं फोटोसाठी तयार करून द्यायची. घर विकायला काढलं की दलाल तिला बोलावून घ्यायचे. ती आली की घरातली माणसं आधी भिंतींवरून खाली उतरायची: लग्नाचे फोटो, शाळेतली बक्षिसं, पोरांच्या उंचीच्या खुणा. मग न्हाणीघरातले ब्रश, फ्रिजवर चिकटवलेली बिलं आणि उशाशी ठेवलेली औषधं. घाईघाईत खरकटी भांडी वॉशिंग मशीनमध्ये कोंबणारे इतके लोक तिनं पाहिले होते की ती आल्या आल्या मशीनचं झाकण उघडायची. कुणी कुरकुर केलीच, तर शांतपणे सांगायची, "घर विकायचंय ना? मग आधी तुम्ही त्यातून निघा."

तिचा खरा तोरा वेगळाच होता. फोटोग्राफर कुठल्या कोपऱ्यात उभा राहील हे तिला आधीच कळायचं, आणि ती अशी जागा धरायची की आरसा, खिडकीची काच किंवा टीव्हीचा पडदा, कशातही ती उमटायची नाही. इतक्या वर्षांत एकाही फोटोत तिची सावलीसुद्धा आली नव्हती. हे ती येता-जाता ऐकवायची.

स्वतःचं घर मात्र तिला नव्हतं. लग्न मोडल्यापासून ती भाड्याच्या खोलीत राहायची. त्यामुळे पाय मोडून आमच्याकडे आलेली आजी बरी होऊन पुन्हा आपल्या घरी राहायला जाणार, आणि सोबतीला आत्या, असं ठरलं तेव्हा आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं घरमालकाला खोली सोडत असल्याचं सांगूनही टाकलं.

बाबांनी तिच्या हातात आजीच्या घराची किल्ली दिली तेव्हा मी समोरच होते. "ताई, आई यायच्या आत घर लावून घे," ते म्हणाले. "जरा मोकळं कर. उजेड खेळू दे." हे शब्द आत्यानं गिऱ्हाइकांच्या तोंडून कितीदा ऐकले असतील. पण बोलणारा सख्खा भाऊ होता, म्हणून तिच्या कानाला ते खटकले नाहीत. मला आजही संताप येतो तो याचाच. बहिणीला फसवताना या माणसाला गिऱ्हाइकाची भाषासुद्धा बदलावीशी वाटली नाही.

आत्यानं जीव ओतून घर लावलं. आजी अडखळेल म्हणून बाबांनी जुनं शोकेस काढायला लावलं, तिनं काढलं. भिंतींना रंग द्यायचा म्हणून फोटो उतरवायला लावले, तेही तिनं उतरवले. मग आजीच्या पलंगाशेजारी तिनं स्वतःचा पलंग लावला. काठी हाताशी येईल अशी ठेवली, मगात दोन ब्रश ठेवले, पलंगाखाली दोघींच्या चपला. आपल्या बॅगा तिनं माझ्याकडूनच उचलून आणवल्या, आणि सगळा वेळ ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच असताना बेल वाजली. दारात तिच्याबरोबर नेहमी काम करणारा फोटोग्राफर, खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं. आत्या हसली. पत्ता चुकलास वाटतं, म्हणाली.

"नाही हो," तो गोंधळून म्हणाला. "तुमच्या भावानं बोलावलंय. घर तुम्ही तयार केलंय म्हणाले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

आत्यानं तिथल्या तिथे बाबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाबांनी आधी उडवाउडवी केली, मग फोन आजीच्या हातात देऊन ते मोकळे झाले.

"मीच म्हटलं त्याला, तुला इतक्यात सांगू नको म्हणून," आजी म्हणाली. "तुझ्या हातचं घर चटकन जातं म्हणतात. सांगितलं असतं तर तू आवरलं असतंस का?"

"आई, मी इथे राहायला आलेय."

"आपण दोघींनीच तिथे काय करायचं गं? इथे कसं भरलेलं घर आहे."

आत्यानं फोन बंद केला. तिला दगा दिला होता, आणि तोही तिच्याच हातांनी करवून घेतला होता. भावाचं एक वेळ तिनं गिळलं असतं. आईचं तिला गिळता येईना, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

फोटोग्राफर बिचारा परत निघाला होता. आत्यानं त्याला थांबवलं. दोन पलंगांनी खोली लहान दिसते, असं म्हणून तिनं स्वतःचा पलंग मला धरायला लावला आणि बाहेर काढला. चपला उचलल्या. न्हाणीघरात जाऊन मगातला आपला ब्रश घेऊन आली. राहू दे ना आत्या, असं मी म्हटलं, तर म्हणाली की माणूस दिसलं तर घर विकलं जात नाही.

मग ती कपाटापाशी जाऊन उभी राहिली. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात पाहिलं, मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आरशात येताय तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"माहितीये. काढ."

त्यानं काढला, आणि बाकीच्या फोटोंबरोबर तसाच बाबांना पाठवला. बाबा वैतागले. इतक्या वर्षांत कधी आली नाही आणि नेमकी इथेच कशी कडमडली, म्हणाले. मग फोन माझ्यापुढे धरला. "तुला जमतं ना? आरशातली तेवढी पुसून टाक."

"ते काम तुम्ही आणि आजीनं आधीच केलंय," मी म्हटलं.

त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं. जाहिरातीतल्या आरशात नुसती भिंत दिसते. घर खरंच चटकन गेलं. आत्यानं दुसरी खोली शोधली, आमच्याकडे ती येत नाही, आणि आजी अधूनमधून विचारते, तिला कसला एवढा राग आलाय.

मूळ फोटो माझ्याकडे आहे. आरशात आत्या सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि तिच्या मुठीत तिचा दात घासायचा ब्रश आहे.