उजव्या हातातला पापड

मिरीचा पापड गॅसवर भाजल्याचा वास आला की मला उल्हासनगरातली ती दुपार आठवते आणि आजही अंगावर काटा येतो, आनंदाचा! मेंदूज्वरातून ताई वाचली, ताप उतरला, आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, जंतूंमुळे मेंदूतली एक रक्तवाहिनी सुजून बंद झालीये. हात सुधारेलही, पण खात्री नाही. जीन्स शिवणाऱ्या माझ्या ताईचा तो हात घरी आल्यावर उशीवर नुसता पडून असायचा. बॉल दाबायचा व्यायाम करून ती वैतागली होती. त्या दुपारी शेजारची सिंधी आंटी गरम पापड घेऊन आली. ताईने डावा हात पुढे केला, तर आंटीने ताटलीच मागे घेतली. "उलट्या हाताने नाही हां बेटा, मैं नहीं दूँगी." मी भडकलो. "आंटी, तिचा हात चालत नाही, माहितीये ना तुम्हाला?" आंटी ढिम्म! तिने पापड सरळ ताईच्या उजव्या बोटांत सरकवला. ताई रागाने तिच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा अंगठा हलला, मग बोट वळलं, आणि कडकन आवाज झाला. पापड मोडला! मी असा ओरडलो की आई लाटणं घेऊनच बाहेर धावली, आणि इतका वेळ कडक असलेली आंटी ढसाढसा रडायला लागली. आता ताई पुन्हा मशीनवर बसते. तरी पहिला पापड तिने उजव्या हाताने मोडल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवायला सुरुवात करत नाही.